मडमच्या भाषणाचं मराठी

मी एकोणीस वर्षांची होते आणि मला इंग्रजी येत होतं. आमच्या वर्गात इंग्रजी घेऊन बी.ए. करणाऱ्या मुली तीन, आणि न अडखळता बोलणारी मी एकटी. घरी कन्नड, रस्त्यावर मराठी, कॉलेजात इंग्रजी. वडिलांचं सोलापुरात कापडाचं दुकान होतं. गिऱ्हाईक ज्या भाषेत तोंड उघडेल त्या भाषेत ते उत्तर द्यायचे, आणि ही सवय आम्हां भावंडांना कुणी न शिकवता लागली होती. भावांना त्यात काही विशेष वाटत नसे. मला मात्र आपण कुणीतरी आहोत असं वाटायचं.

दुष्काळ सरून दोन पावसाळे झाले होते. त्या हिवाळ्यात इंग्लंडमधल्या एका कॉलेजची सात मुलं-मुली आमच्याकडे आली. अक्कलकोटच्या पुढं, राज्याच्या हद्दीजवळच्या एका गावात त्यांना तीन आठवडे राहायचं होतं. एकेकानं एकेका घरी राहायचं, बघायचं, विचारायचं आणि परत जाऊन त्यावर निबंध लिहायचा. दुभाषी म्हणून आमच्या कॉलेजातून दोन मुलगे आणि मी अशी तिघांची निवड झाली. मुलीला पाठवायचं म्हणून आई कुरकुरली, पण आमचे इंग्रजीचे प्राध्यापक स्वतः बरोबर असणार होते आणि वडिलांना त्यांच्याविषयी आदर होता.

निघायच्या आदल्या दिवशी सरांनी आम्हा तिघांना बोलावून सांगितलं, "आपल्या मनाचं घालायचं नाही आणि आपल्या मनानं गाळायचं नाही. तोंड तुमचं, शब्द त्यांचे. एवढं जमलं की दुभाषी झालात."

मी ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं.

गावानं त्या सातजणांची पहिल्या आठवड्यात यथेच्छ गंमत केली. एका दांडग्या मुलाला हिरव्या मिरचीचा ठेचा 'गोड चटणी हाय, भरपूर घ्या' म्हणून वाढला. तो लालबुंद होऊन अंगणात नाचायला लागला तेव्हा बायका पदर तोंडात कोंबून हसत होत्या. पोरं त्यांच्या मागं शेतापर्यंत जायची, तांब्या घेऊन निघाले तरी जायची. त्यांचंही काही कमी नव्हतं. ते गावातल्या पोरांचे दंड टेपनं मोजायचे, दात बघायचे, वहीत लिहायचे. दळण दळणाऱ्या म्हातारीला फोटोसाठी पुन्हा पुन्हा तीच मूठ जात्यात घालायला लावायचे. या दोघांच्या मध्ये मी उभी असायचे आणि दोघांनाही मनातल्या मनात हसायचे. माझं इस्त्रीचं पातळ, पायात चपला, हातात वही. गावातल्या बायका मला 'शानी पोरगी' म्हणत, आणि ते मला आवडायचं.

मी ज्या घरी उतरले तिथं माझ्याबरोबर त्या सातांतली एक मुलगी होती. एकवीस वर्षांची, नाकावरची कातडी उन्हानं सोललेली, चटकन डोळ्यांत पाणी येणारी. गाव तिला 'मडम' म्हणायचं. घरात सासू, तिचा एकुलता मुलगा, सून आणि सुनेच्या दोन मुली; सासरा सोलापूरला गिरणीत, महिन्यातून एकदा यायचा. थोरली पाच वर्षांची, धाकटी अडीचची. जमीन बरी होती, बैलजोडी होती, दूध होतं. सून असेल चोवीस-पंचवीसची. हद्दीपलीकडच्या गावची, तिची भाषा निम्मी कन्नड, निम्मी मराठी. अंगानं काटकुळी, पण हसायला लागली की थांबायची नाही.

ती मला 'तंगी' म्हणायची, म्हणजे धाकटी बहीण.

पहिले चार दिवस मडमला पाणी हवं असलं तरी मी लागायचे. नंतर लागेनाशी झाले. त्या दोघींनी आपापसात काहीतरी चालवलं होतं. सून मडमच्या पिवळ्या केसांची वेणी घालायची, मडम तिच्या धाकटीला कडेवर घेऊन फिरायची. चुलीपुढं बसून एकजण भाकरी थापायची आणि दुसरी ती बिघडवायची आणि दोघी हसायच्या. मी सोप्यात वही घेऊन बसलेली असायचे. एकदा मी विचारलं, "कशाला हसताय?" सून म्हणाली, "काय न्हाय गं तंगी, तुला सांगून कळायचं न्हाय." तिनं ते सहज म्हटलं होतं. मी ते अजून विसरलेले नाही.

त्या घरात रोज सकाळी एक गोष्ट व्हायची. सासू चुलीवर कसल्यातरी मुळ्यांचा काढा उकळायची आणि सुनेला अनशापोटी वाटीभर प्यायला लावायची. समोर उभी राहायची, वाटी रिकामी होईपर्यंत. सून डोळे मिटून प्यायची, वाटी धुऊन पालथी घालायची, गोठ्यामागं जाऊन सगळा ओकायची, तोंड धुऊन परत चुलीपुढं बसायची. सासूला ओकारी ऐकू यायची. ती म्हणायची, "घोटभर तरी पोटात ऱ्हातंच की. त्यातनंच कदी तरी नातू ईल." दोन मुलींनंतर अडीच वर्षं सुनेची कूस उजवली नव्हती. सोमवारी उपास, देवळाला अनवाणी फेऱ्या आणि रोज हा काढा.

सासू वाईट बाई नव्हती. मला सकाळी दुधावरची साय द्यायची. माझ्या केसांना तेल नाही म्हणून तिला वाईट वाटायचं. मी हे मुद्दाम लिहिते, कारण पुढं जे झालं त्यात राक्षस कोण हे शोधायला गेलं तर ती सापडत नाही.

मडमनं मला विचारायला लावलं की ही बाई रोज काय पिते. सुनेनं सांगितलं, "पोटाचं औशद हाय." मी तसं सांगितलं. मडमचं समाधान झालं नाही.

तिसऱ्या आठवड्यात येळवस आली. मार्गशीर्षातली अमावस्या, आमच्या भागात त्या दिवशी सगळं गाव घराला कुलूप घालून रानात जेवायला जातं. ज्वारी छातीएवढी झालेली, कडब्याची खोप करून त्यात पांडवांची पूजा, बाजरीचे उंडे, भज्जी, मडक्यात आंबील. जेवणं झाल्यावर सासू खोपीच्या सावलीला आडवी झाली. पुरुष दुसऱ्या रानात आंबील प्यायला गेले. सून घागर घेऊन विहिरीकडं निघाली, तिच्या मागं मडम आणि मडमच्या मागं मी.

विहिरीच्या काठावर मडमनं पुन्हा तोच प्रश्न काढला. खरं काय ते औषध? तू आजारी आहेस का? मी विचारलं. घागर खाली ठेवून सून काठाच्या दगडावर बसली आणि मान वर न करता बोलत सुटली.

धाकटीच्या वेळी ती माहेरी होती. बाळ आडवं आलं. तालुक्याच्या दवाखान्यात नेलं तोवर ती गेल्यातच जमा होती. डॉक्टरांनी पोट कापून बाळ काढलं, आणि सांगितलं की आणखी एक बाळंतपण झालं तर ही बाई वाचणार नाही, आत्ताच ऑपरेशन करून टाकू. कागदावर नवऱ्याची सही पाहिजे होती. नवरा इकडं पेरणीत. तिच्या भावानं नवऱ्याचं नाव घालून सही केली. सासरी एवढंच कळवलं की पोट कापावं लागलं.

"मला आता मूल हुनार न्हाय," ती म्हणाली. "काडा पिऊन काय हुतंय? पन न्हाय म्हनून कसं म्हनू? ह्या दोघींस्नी सोडून मरू व्हय मी?"

मग तिनं माझ्याकडं बघितलं. हात पकडला. "यारिगू हेळब्याड, तंगी." कुणालाही सांगू नकोस.

मी मडमला सगळं इंग्रजीत सांगितलं. बाळ आडवं आल्याचं, भावाच्या सहीचं, काढ्याचं. एकही तपशील गाळला नाही. फक्त शेवटचं वाक्य सांगितलं नाही.

का नाही सांगितलं याचं उत्तर मी आयुष्यभर वेगवेगळं देत आले आहे. ते वाक्य मला उद्देशून होतं, असं मी काही वर्षं स्वतःला सांगितलं. इतकं उघड आहे, सांगायचं काय त्यात, असं पुढची काही वर्षं. पण झालं होतं ते असं: माझं बोलणं पुरं होण्याआधीच मडम रडायला लागली, खाली बसून तिनं सुनेला मिठी मारली, आणि सूनही तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागली. गुपित माझ्या तोंडातून गेलं होतं आणि मिठी त्या दोघींची. मी घागर भरली आणि पुढं चालायला लागले.

पाच दिवसांनी निरोपाचा कार्यक्रम झाला. महादेवाच्या देवळापुढं सतरंज्या अंथरल्या, सरपंचांसाठी शाळेतली खुर्ची आणली. पुढं पुरुष, मागं पाराच्या कडेनं बायका. सातही जणांनी दोन-दोन शब्द बोलायचे होते. बाकीच्यांनी भाकरी आणि प्रेम यांच्याविषयी बोलून उरकलं. मुलग्यांनी त्यांची भाषणं मराठीत सांगितली, अडखळत, अर्धी गाळून. सर कपाळाला आठ्या घालून बसले होते. मग मडम उठली आणि मी तिच्या शेजारी उभी राहिले.

ती म्हणाली की मी या गावात शिकायला आले होते, पण मला पुस्तकातलं काही शिकायला मिळालं नाही. मी ते मराठीत सांगितलं. छान सांगितलं. सरांच्या आठ्या गेल्या. ती म्हणाली की मी इथं एका बाईकडून धैर्य म्हणजे काय ते शिकले. तेही सांगितलं. तिनं सुनेकडं हात केला. सगळ्या माना वळल्या. सून लाजून हसली, पदर ओढून घेतला.

मडम म्हणाली, "डॉक्टर तिला म्हणाले की आणखी एक मूल झालं तर तू मरशील."

हे वाक्य माझ्या तोंडातून मराठीत गेलं तेव्हा मी विचार केला नव्हता. इतकी गती आली होती की कान आणि जीभ यांच्यामध्ये मी नव्हतेच. पण पुढचं वाक्य मी ऐकलं. ते ऐकताना मला पुरतं कळलं. तिनं मुलींसाठी जगायचं ठरवलं, तिच्या भावानं नवऱ्याच्या नावानं सही केली, आणि आता तिला कधी मूल होणार नाही हे गुपित ती एकटी सांभाळते आहे. मला वाटतं, अशा बाईचा या गावाला अभिमान असला पाहिजे.

ती थांबली आणि माझ्याकडं बघून हसली. माझी पाळी होती.

सगळं गाव माझ्या तोंडाकडं बघत होतं. मी काहीही म्हणू शकले असते. ही बाई फार कष्टाळू आहे, हिच्या हातची भाकरी गोड आहे. सरांना इंग्रजी कळत होतं, दोन्ही मुलग्यांना कळत होतं, पण त्यांतला कुणी उठून मला दुरुस्त करणार नव्हता. मी सरांकडं बघितलं. ते मान किंचित पुढं करून वाट बघत होते, परीक्षेत बघतात तशी.

मी सांगितलं. सगळं, भावाच्या सहीसकट. आवाज स्वच्छ लागला होता.

मग बायकांतून सासू उठली. ती मडमकडं आली नाही, माझ्यापुढं येऊन उभी राहिली. "काय म्हनली ती? पुन्ना सांग."

तेवढ्यात सून धावत पुढं आली. तिचा चेहरा पांढरा पडला होता, पण ती हसत होती. मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "अवो आत्याबाई, ही पोरगी चुकली. मडमचं बोलनं दुसऱ्याच कुना बाईचं हुतं. तिकडच्या बाईचं. हिला नीट कळलं न्हाय. सांग की तंगी. चुकलीस न्हवं?"

तिनं माझा हात धरला होता. तिची नखं माझ्या मनगटात रुतत होती. तिनं मला सगळं तयार करून दिलं होतं. मला फक्त मान हलवायची होती.

त्या क्षणी माझ्या मनात काय होतं ते मी लिहिते. माझ्या मनात होतं की सर बघताहेत. सगळ्या गावापुढं, कॉलेजातल्या दोन मुलग्यांपुढं, मला इंग्रजी नीट कळलं नाही असं म्हणायचं.

"मी चुकले नाही," मी म्हणाले. "ती असंच म्हणाली."

सुनेनं माझा हात सोडला.

त्या दुपारी घरातून आलेले आवाज मी समोरच्या सरपंचाच्या ओट्यावर बसून ऐकले. आम्हाला घरात जाऊ दिलं नाही. आमच्या पिशव्या कुणीतरी बाहेर आणून ठेवल्या. नवऱ्यानं तिला बैलाच्या कासऱ्यानं मारलं. सासू मधे पडली नाही. ती उंबऱ्यावर बसून छाती पिटत होती आणि अडीच वर्षांचे उपास मोजून दाखवत होती. गल्लीत बायका जमल्या होत्या. मघाशी माझ्या भाषणाला टाळ्या वाजवायच्या बेतात असलेल्या बायका. एक म्हणाली, "देवाला सुदीक फसवलं की गं हिनं." थोरली मुलगी दाराबाहेर उभी राहून एकसुरी रडत होती. तिला कुणी जवळ घेतलं नाही. मीही घेतलं नाही.

मडम पांढरीफटक होऊन मला हलवत विचारत होती, काय झालं, काय झालं, मी काही चुकीचं बोलले का?

"घरातलं भांडण आहे," मी इंग्रजीत म्हणाले. "इथं असं चालतंच."

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीत सर माझ्या शेजारी बसले. त्यांनाही वाईट वाटलं होतं, तसं ते म्हणालेही. मग म्हणाले, "पण काम चोख केलंस. शब्द गाळला नाहीस." मला बरं वाटलं. हे कबूल करायला आज लाज वाटते, पण बरं वाटलं होतं.

पाच-सहा महिन्यांनी मडमचं पाकीट आलं. तिच्या कॉलेजच्या मासिकात तिचा लेख छापून आला होता. भारतातल्या एका खेड्यानं मला काय शिकवलं, असा. विहिरीवरची ती दुपार त्यात होती, आणि सुनेचा फोटो होता, भाकरी थापताना हसणारा. शेवटी माझे आभार मानले होते. आईनं तो अंक येईल त्याला दाखवला. त्याच सुमारास अक्कलकोटहून येणाऱ्या एका गिऱ्हाईकाकडून वडिलांना कळलं होतं की त्या घरात दुसरी सून आणली, आधीचीला धाकट्या पोरीसह माहेरी हाकललं, थोरलीला कामाला म्हणून ठेवून घेतलं. मी मडमला आभाराचं पत्र लिहिलं. लेख आवडला, असं लिहिलं. बाकी काही लिहिलं नाही.

आणीबाणी उठली त्या वर्षी माझं लग्न ठरलं. मुलगा पुण्याचा. वऱ्हाडाबरोबर द्यायला कडक भाकरी सांगायच्या म्हणून आई मला घेऊन एका बाईंकडं गेली. त्या घरी पाच-सात बायका बसवून भाकऱ्या करवून घ्यायच्या. आई ओसरीवर बोलत बसली. मी आत डोकावले. धुरात ओळीनं चुली, आणि तिसऱ्या चुलीपुढं ती.

तिनं मला आधी ओळखलं असावं. भाकरी थापायची थांबली नाही.

"बरी हायस का तंगी?" ती म्हणाली. "लगीन व्हय? बरं झालं."

मी तिच्याजवळ उकिडवी बसले. धाकटी तिच्यामागं पोत्यावर झोपली होती. ती मी न विचारता सांगत गेली. भावजयीनं सहा महिने ठेवलं. खोटी सही केली म्हणून सुनेच्या नवऱ्यानं चारचौघांत तिच्या भावाच्या थोबाडीत मारली होती. त्यानंतर भाऊही बोलेनासा झाला. मग ती सोलापूरला आली. थोरलीला दोन वर्षं बघितलं नव्हतं.

मी म्हणाले, "माझं चुकलं."

ती भाकरी तव्यावर टाकत म्हणाली, "तवा म्हनायचं हुतंस की."

तिचा आवाज चढला नाही, ओळीतल्या बाकीच्या बायकांना कळलंही नाही. भाकरी उलटून तिनं विचारलं, "त्या मडमला कळवलंस? माझं असं झालं म्हनून?"

"नाही."

"का गं?"

"तिला वाईट वाटेल म्हणून."

तिनं पहिल्यांदा हात थांबवून माझ्याकडं नीट बघितलं. "तिला वाईट वाटंल," ती म्हणाली. आणि पुन्हा पीठ मळायला घेतलं.

मी उठायला लागले तेव्हा तिनं पिठाच्या हातानं माझं पातळ धरलं. "एक काम कर. माझ्यासंगट गावाला चल. त्यास्नी सांग की मी तवा चुकले, मडम तसं म्हनलीच नव्हती. मला ठिऊन घिऊ नका म्हनावं. पोरगी तेवडी द्या."

लग्नाला दहा दिवस होते. मी आईला मैत्रिणीकडं जाते असं सांगून सकाळच्या एस.टी.नं तिच्या आणि धाकटीच्या बरोबर निघाले. वाटेत ती मला शिकवत होती, काय सांगायचं, कसं सांगायचं. 'भाऊ' हा शब्द तिकडं बापालाही वापरतात असं सांग, ऑपरेशन म्हणजे पोट कापणंच, तू पोर हुतीस, घाबरलीस. माझ्या इंग्रजीला लावायची ठिगळं तिनं तीन वर्षं जपून ठेवली होती.

सासू अंगणात शेंगा फोडत होती. सुनेला तिनं फाटकाच्या आत येऊ दिलं नाही. मला मात्र ओळखून उठली, हात धरून सोप्यात नेलं, घोंगडं अंथरलं. आतून नवी सून पाणी घेऊन आली. तिचे दिवस भरत आले होते.

मी खोटं बोलले. जेवढं शिकवलं होतं तेवढं सगळं बोलले, आणि चांगलं बोलले. मी चुकले, मला तेव्हा इंग्रजी नीट येत नव्हतं, मी माझ्या मनाचं घातलं.

सासूनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पोरी, तुज्या जिवाला लागलंय ते मला दिसतंय. पन तिला आमी त्याच आठवड्यात सोलापूरला डॉक्टरीनबाईकडं नेली हुती. तिनं तपासून सांगितलं की. तू काय चुकली न्हवतीस."

फाटकाबाहेर ती उभी होती. तिला हे ऐकू गेलं. त्या तपासणीविषयी तिनं मला सांगितलं नव्हतं. माझं खोटं तिथं पोचून काही होणार नाही हे तिला माहीत होतं, आणि तरी ती मला घेऊन आली होती.

"पोरीला तरी भेटू द्या," मी म्हणाले.

सासूनं हाक मारली. थोरली बाहेर आली. आठ वर्षांची, हात शेणानं भरलेले. फाटकाकडं बघितलं आणि नव्या सुनेच्या मागं सरकली. आई तिला नावानं हाका मारत होती. पोर सासूला म्हणाली, "आजी, हिनंच देवाला फसवलं न्हवं?" सासूनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि आत जा म्हणाली. ती गेली.

मग माझ्या लग्नाचं कळल्यावर सासूनं मला बसवून ठेवलं. आतून खण, नारळ, तांदूळ आणले. "तू तवा खरं बोललीस म्हनून आमच्या घराचा वंस ऱ्हायला," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "तुझं भलं हुईल." आणि माझी ओटी भरायला पुढं झाली.

मी पदर पुढं केला.

नको म्हणता आलं असतं. मला नको म्हणता येत नव्हतं असं नाही. लग्नाच्या तोंडावर सवाष्णीनं भरलेली ओटी नाकारायची म्हणजे अपशकुन, एवढंच तेव्हा डोक्यात आलं. तांदूळ पदरात पडताना मी फाटकाकडं बघितलं नाही. पण तिथून सगळं दिसत होतं.

परतीच्या गाडीत मी खिडकीजवळ बसले, ती पुढच्या बाकावर, धाकटीला मांडीवर घेऊन. मी तिला नाव घेऊन हाक मारली. तिनं ऐकलं, पण वळली नाही. सोलापूरच्या स्टँडवर उतरल्यावर ती गर्दीत चालायला लागली. मी मागून धावत जाऊन तिला थांबवलं आणि म्हणाले, मी पुण्याहून पत्र लिहीन, काहीतरी करू, मडमला कळवू, कोर्टात जाऊ.

"मला वाचता येत न्हाय," ती म्हणाली. "कुनाकडनं वाचून घिऊ? आनी वाचनारानं सांगितलेलं खरं कशावरनं?"

पोरीला दुसऱ्या कडेवर घेऊन ती निघून गेली.

मी मडमला कळवलं, लग्नानंतर वर्षभरानं. तिचं उत्तर लगेच आलं. चार पानं होती, शाई जागोजागी फुटलेली. चौथ्या पानावर तिनं विचारलं होतं की हे सारं तिला तिच्या प्रबंधात घालता येईल का. बाईचं नाव अर्थातच बदलेन. मी ते पत्र तीनदा वाचलं. मग तिला हो म्हणून लिहिलं.